धरलीये, तू लिही

१२ फेब्रुवारी

दादा,

पत्राच्या वरच्या भागात काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण त्या तासाला मी बहुतेक खिडकीबाहेर होतो. म्हणून नुसतंच दादा. वाकून नमस्कार केलाय असं समज.

घर सोडून एक वर्ष आणि आठ महिने झाले. पाठ कशी आहे? कंबर? वहिनी अजून तुझ्या शर्टांवरचे रंगाचे डाग रॉकेल लावून घासते, आणि मग घरभर वास आला म्हणून तुलाच बोलते, ते चालू आहे ना?

फोन का केला नाहीस असं विचारशील. फोन बिघडलाय. हातातून पडला, आवाज नीट येत नाही. म्हणून पत्र.

मी मजेत आहे. मधे तीन महिने एका ट्रकवर क्लीनर होतो. ड्रायव्हर इतका घुम्या होता की एक अख्खा दिवस मी एकटाच बोललो, आणि संध्याकाळी तो फक्त म्हणाला, "झालं?" मग एका बर्फाच्या कारखान्यात होतो. तिथे बोललं की तोंडातून वाफ येते, ती बघत बसायचो म्हणून काढून टाकलं. आता घरसामान हलवणाऱ्या कंपनीत लागलोय. लोक घर बदलतात, आपण त्यांची कपाटं, पलंग, फ्रिज जिन्यानं खाली आणायचे, ट्रकमध्ये रचायचे, दुसऱ्या जिन्यानं वर चढवायचे. लोकांच्या पलंगाखाली काय काय सापडतं, दादा! परवा एका पलंगाखाली सात चमचे निघाले. बाई म्हणाल्या, "अगंबाई, हे चोरले म्हणून आम्ही कामवालीला काढून टाकलं हो." आणि पलंगाच्या रिकाम्या जागेकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या.

तर काय सांगत होतो. माझा जोडीदार आहे, त्याला सगळे पैलवान म्हणतात. आहे मात्र अगदी काडी. कपाटातल्या कपड्यांचं वजन त्याच्यापेक्षा जास्त भरेल. पण जिन्यावर त्याच्यासारखा माणूस नाही. अवजड वस्तू उतरवताना तो वर असतो, मी खाली. वरच्याला खालचा दिसत नाही, मधे कपाट असतं. म्हणून वरचा विचारतो, "धरलंस?" खालच्यानं म्हणायचं, "धरलं." तो शब्द आल्याशिवाय वरचा भार सोडत नाही. कंपनीचा नियमच आहे.

मी मान हलवतो.

पैलवान ओरडतो, "मान काय हलवतोस? कपाटातून आरपार दिसतंय का मला? तोंडानं बोल! दिवसभर टकळी चालू असते आणि नेमकी आत्ताच दातखीळ बसते?"

बघ, तू ठेवलेलं टकळी हे नाव इथेही न सांगता पोचलं.

आपला पाट्या रंगवतानाचा नियम आठवला. वर लिहिणाऱ्याचे डोळे भिंतीवर, खाली बघता येत नाही. म्हणून खालच्यानं सतत बोलत राहायचं. आवाज येतोय म्हणजे माणूस आहे, माणूस आहे म्हणजे शिडी धरलेली आहे. "तुझ्या तोंडाचा जगात कुठे उपयोग होईल असं वाटलं नव्हतं," तू म्हणायचास, "पण झाला बघ." येणारेजाणारे हसायचे. एक वर चढून पाट्या रंगवतोय, दुसरा खाली शिडीला मिठी मारून गोष्टी सांगतोय. मधेच तू विचारायचास, "धरलीस ना?" आणि मी म्हणायचो, "धरलीये, तू लिही." दिवसातून पन्नास वेळा. श्वासासारखं.

खरं तर त्या दिवसाबद्दल लिहायला बसलो होतो. पण कागद संपत आला. शिवाय लिहिण्यासारखं काय आहे? शिडी मी धरली होती, ती सरकली, तू पडलास. तुला माहीतच आहे सगळं.

खाली गोदामाचा पत्ता लिहितोय. वहिनीला म्हणावं, चार ओळी टाक.

तुझा,
टकळी


९ मार्च

दादा,

वहिनीचं पत्र आलं. गोदामाच्या मुकादमानं ते सगळ्यांसमोर हवेत हलवून विचारलं, "टकळीला कोण पत्र लिहितंय? ह्याचं बोलणं कमी पडलं का कोणाला?" मी ते घेऊन गुंडाळलेल्या गाद्यांच्या मागे जाऊन वाचलं.

वहिनी लिहिते की तुझी हाडं केव्हाच जुळली. डॉक्टरांनी सांगितलं, आता चढायला हरकत नाही. पण तू चढत नाहीस. शिडी भिंतीला लावतोस, दुसऱ्या पायरीवर पाय ठेवतोस, थोडा वेळ थांबतोस आणि उतरतोस. मग जमिनीवर मांडी घालून गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवत बसतोस. मोठी कामं येतात ती परत पाठवतोस. वहिनीनं तुझं वाक्य जसंच्या तसं लिहिलंय: "धरलेली असताना पडलो. म्हणजे शिडीचं काही नाही, माझाच तोल गेलाय. आता जगातल्या कोणीही धरली तरी काय उपयोग?"

हे वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं.

दादा, असं मनाला लावून घेऊ नकोस. शिडी जुनी होती. तिच्या पायाचे रबरी बूट झिजले होते, मी तुला म्हणालोही होतो बहुतेक. खाली फरशी गुळगुळीत. आणि डोळे तपासून घे, कधीकधी डोळ्यांनी तोल जातो, असं ट्रकवरचा ड्रायव्हर सांगायचा. म्हणजे तो सांगायचा नाही, त्याच्या चष्म्याच्या डबीवर लिहिलं होतं.

ती भिंत आठवते. इंग्रजीच्या क्लासची. ते सर म्हणजे एक नमुनाच होते! अख्ख्या भिंतीवर एकच क्रियापद रंगवा म्हणाले. वर हातभर उंचीच्या इंग्रजी अक्षरांत होल्ड, आणि खाली त्याचे बारा मराठी अर्थ. "एक क्रियापद नीट कळलं की अर्धी भाषा खिशात. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं पाहिजे, अरे, एवढंसं ते, आणि बारा अर्थ? आणि त्यानं आत यायला पाहिजे." मी विचारलं, "सर, एवढी कामं एकट्या शब्दाला? पगार काय देता?" तू वरून ब्रश झटकलास, माझ्या डोक्यावर निळा थेंब पडला.

मला ते अर्थ अजून पाठ आहेत. शाळेतलं काही राहिलं नाही, हे राहिलं. हातात धरणे. श्वास रोखणे. फोनवर थांबवून ठेवणे. बादलीत पाणी मावणे. मनात अढी बाळगणे. शब्दाला जागणे. पोलिसांनी डांबून ठेवणे. मला गंमत वाटायची की बादलीही तेच करते आणि पोलीसही तेच करतात. मी सरांना म्हणालो, हे सगळं खरं म्हणजे एकच आहे ना, काहीतरी सुटू न देणं? सर म्हणाले, "सोपं करू नकोस. सोपं करशील तर फी कोण भरेल?"

तू पडलास तेव्हा 'सभा भरवणे' लिहीत होतास. नववा अर्थ. माणूस पडायचाच असेल तर निदान बऱ्याशा अर्थावर पडावा. सभा भरवणे!

हे हसण्यासाठी लिहिलं. तुला हसू आलं का ते वहिनीला लिहायला सांग.

तर सारांश असा की तुझा काही दोष नाही. शिडीचा आहे.

तुझा,
टकळी


११ मार्च

दादा,

परवाच्या पत्रात रबरी बुटांबद्दल लिहिलंय ते खोटं आहे. बूट नवे होते. तूच आदल्या आठवड्यात आणले होतेस, मी बसवले होते.

आणखी लिहायचं होतं. ट्रक निघतोय, हाका मारतायत.


२ एप्रिल

दादा,

आज सुट्टी आहे. मला नाही, पैलवानाला. त्याच्यामुळे मला.

शुक्रवारी चौथ्या मजल्यावरून लोखंडी कपाट उतरवत होतो. जिना अरुंद, वळणावर अंग चोरून जावं लागतं. घर सोडणाऱ्या आजी आमच्या मागेमागे, "बाळांनो, आरशाला जपा, माझ्या सासूबाईंचा आहे," असं शंभरदा सांगत. आरसा कपाटाच्या दारालाच होता. वळणावर मी खाली, एका पायावर, हात अजून नीट बसले नव्हते. वरून पैलवान, "धरलंस?"

मी मान हलवली. सवयीनं.

आजींनी ती पाहिली. त्यांना वाटलं, ह्याला बोलता येत नाही बिचाऱ्याला. त्या माझ्या वतीनं म्हणाल्या, "हो हो, धरलंय त्यानं!"

पैलवानानं भार सोडला.

कपाट माझ्या खांद्यावरून घसरून कठड्यावर आपटलं. ते अडवायला पैलवानानं हात घातला आणि त्याची दोन बोटं कपाट आणि कठडा यांच्या मधे सापडली. आरशाला काही झालं नाही. आजी आरशाकडे बघेनात. पायरीवर बसून रडायला लागल्या, "मी बोलले, मी बोलले," म्हणून.

बोटं वाचली. नखं काळी झालीत, जातील, नवी येतील. मी त्याचा हात बादलीतल्या पाण्यात धरून बसलो होतो. तो ओरडेल असं वाटलं. तो दात आवळून म्हणाला, "एक बरं केलंस. तू गप्प होतास. धरलेलं नसताना धरलं म्हणणारा असतास, तर तुझ्याबरोबर परत जिना चढलो नसतो."

तेव्हापासून अन्न गिळवत नाही. म्हणून आता लिहितो. इकडेतिकडे जाणार नाही.

त्या दिवशी शिडी मी धरली नव्हती.

तुझा फोन खाली पिशवीत असायचा, त्याला रंग लागू नये म्हणून. मी माझ्या फोनवरून तुझ्या फोनला लावायचो. त्याची रिंग बंद करून ठेवलेली असायची. तो मीच उचलायचो, स्पीकर चालू करायचो आणि पांढऱ्या रंगाच्या रिकाम्या डब्यात, शिडीच्या पायाशी ठेवायचो. डब्यात आवाज घुमतो. माझ्या तोंडातून निघतो त्यापेक्षा भरदार वाटतो. मग माझा फोन कानाला लावून मी चालायला लागायचो, बोलत बोलत. तू वरून काही विचारलंस तर मला ऐकू यायचं. उत्तर देता यायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा नुसता पाणी प्यायला गेलो होतो. परत येऊन शिडीला हात लावला, आणि तुला काही कळलंच नव्हतं. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की तुलाच सांगावंसं वाटलं.

त्या दिवशी असं करायची सहावी खेप होती. एकदाच चुकलं असं नाही, दादा. सहावी.

समोरच्या कोपऱ्यावरच्या कचेरीचं मोठं घड्याळ दुरुस्तीला उतरवत होते. मला त्याच्या आतली चक्रं बघायची होती. रस्ता ओलांडायचा, एक नजर टाकायची, परत यायचं. त्या माणसांनी घड्याळ फुटपाथवर उताणं ठेवलं होतं. आतमध्ये चिमणीनं घरटं केलं होतं, गवत चक्रांत अडकलं होतं, म्हणून ते बंद पडलं होतं. मी हे तुला सांगू शकत नव्हतो, सांगितलं असतं तर तुला कळलं असतं मी कुठे आहे. म्हणून मी एका माणसाची गोष्ट सांगत होतो, जो घाईघाईत शेजाऱ्याच्या घरात शिरून, जेवून, झोपून उठतो. तू हसत होतास. ते हसू मला फोनमधून ऐकू येत होतं.

मग तू विचारलंस, "धरलीस ना?"

माझा एक हात फोनवर होता. दुसरा हात त्या घड्याळाच्या मोठ्या काट्यावर. पत्र्याचा काटा, माझ्या हाताएवढा लांब, उन्हानं तापलेला. मी म्हणालो, "धरलीये, तू लिही."

आणि तू भरवशानं उजवीकडे झुकलास. ओळीचा शेवट गाठायला. तू नेहमी झुकायचास तेवढाच, जास्त नाही. धरलेल्या शिडीवर तेवढं झुकता येतं. हे मी शपथेवर सांगतो: तुझा तोल गेला नाही. तुझ्यात काही बिघडलेलं नाही. तू चुकला नाहीस. खाली कोणी नव्हतं.

पडल्याचा आवाज मी दोनदा ऐकला. आधी रस्त्यापलीकडून, मग लगेच कानात.

मी धावलो. पुढचं चारदा लिहून खोडलंय. तू फरशीवर कुशीवर पडला होतास, डोळे मिटलेले. ब्रश अजून हातात होता. मी आधी डब्यातून फोन उचलला. आधी फोन, मग तुला. तो बंद करून पिशवीत टाकला, आणि मग तुझ्या डोक्याखाली हात घातला. दवाखान्यातल्या बाकावर बसून तुझ्या फोनमधून तो कॉल पुसून टाकला. माझ्याही.

तू शुद्धीवर आलास तेव्हा पहिलं काय विचारलंस, आठवतंय? "शिडी सरकताना तुझ्या हाताला लागलं नाही ना रे?" मी नाही म्हणालो. वहिनीनं माझे दोन्ही तळहात उलटे करून पाहिले. साधा ओरखडाही नव्हता. ती म्हणाली, "देवाची कृपा." मग तू विचारलंस, "धरली होतीस ना?" मी हो म्हणालो. तू म्हणालास, "मग माझंच चुकलं. तू जिवाला लावून घेऊ नकोस." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलास. प्लास्टरमधला हात, जड होता.

त्यानंतर तीन महिने रोज तू मला समजावत होतास. पाठीला पट्टा बांधलेला माणूस मला समजावत होता. ते सहन होईना म्हणून निघून गेलो. भटकायची हौस वगैरे जे सांगितलं ते सगळं थाप.

फोनही बिघडलेला नाही. खिशात आहे. पण माझा आवाज तुला पुन्हा फोनमधून ऐकू यावा असं मला वाटत नाही.

मला माफ कर असं लिहीत नाही. मला काय हवंय ते बाजूला ठेव. तू शिडीवर चढावंस म्हणून लिहिलंय. एवढंच धरून ठेव की तू धरलेल्या शिडीवरून पडला नव्हतास.

तुझा


२१ एप्रिल

दादा,

काही आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं दोन दिवस स्वतःला समजावलं. पण पोस्टातल्या माणसानं सांगितलं, जवळजवळ सगळीच पत्रं पोचतात. तोंड वाकडं करून म्हणाला, "न पोचायला काय झालं?"

पैलवान कामावर परत आलाय. त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते घरटं होतं म्हणालास, त्यात अंडी होती का?" मी म्हटलं, रिकामं होतं. "बरं झालं," म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो जिन्यावर "धरलंस?" विचारतो आणि मान वाकडी करून कपाटाच्या कडेनं खाली बघतोही. विचारतो आणि बघतो. मला वाईट वाटत नाही. बघितलंच पाहिजे.

दादा, मला उत्तर नको. वहिनीनं फक्त एक ओळ लिहावी, चढलास की नाही.


३० मे

दादा,

वहिनीचं पत्र काल आलं. मुकादमानं या वेळी हवेत हलवलं नाही, हातात दिलं. माझं तोंड बघितलं असेल.

वहिनी लिहिते की तू नंबरपाटी रंगवत होतास आणि तिनं माझं पत्र तुला मोठ्यानं वाचून दाखवलं. तू मधे ब्रश थांबवला नाहीस. वाचून झाल्यावर म्हणालास, "डब्याचं तेवढं परत वाच." तिनं वाचलं. तू उठून अंगणात गेलास, रंगाचे रिकामे डबे एका जागी होते ते सगळे उचलून रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे देऊन आलास. मग तीन दिवस ब्रशला हात लावला नाहीस. चौथ्या दिवशी सकाळी शिडी भिंतीमागून काढलीस, कापडानं पुसलीस, आणि वहिनीला म्हणालास, "जरा चल माझ्याबरोबर."

क्लासच्या सरांनी भिंत तशीच ठेवली होती. आठ अर्थ, नववा अर्धा, आणि तिथून खाली निळ्या रंगाचा एक ओघळ, तुझा ब्रश गेला तो. सर बाहेर येऊन म्हणाले, "अहो, चालतंय, मुलांना मी सांगतो उरलेले अर्थ घरून शोधून आणा." तू त्यांच्याकडे बघितलंही नाहीस. शिडी लावलीस.

वहिनीनं खाली दोन्ही हातांनी धरली. तिनं विचारलं, "मला भाऊजींसारखं बोलता येणार नाही. पण काहीतरी बोलत राहू का?"

तू म्हणालास, "नको. खाली कोणी बोलायचं नाही. हात तेवढे राहू देत."

आणि चढलास. दुसरी पायरी, तिसरी, चौथी. वहिनी लिहिते, तिनं आयुष्यात इतका वेळ तोंड मिटून ठेवलं नव्हतं. तू अधूनमधून थांबायचास, एका हातानं शिडी किंचित हलवून बघायचास, ती हलायची नाही, मग पुढे. आधी तो ओघळ खरवडून काढलास. मग नववा पुरा केलास. मग दहावा, अकरावा, बारावा. उजवीकडे झुकून. तिला वाटलं तिचा जीव जातो. पण शिडी जागची हलली नाही. दुपारी उतरलास, तिच्या हातांकडे बघितलंस, शिडीच्या कांबींचे वळ उठले होते तळव्यांवर. त्यावर तू रॉकेलचा बोळा फिरवलास, निळं लागलं होतं म्हणून. आता रोज जाता दोघं. मोठी कामं घ्यायला लागलास.

पत्राच्या शेवटी वहिनीनं लिहिलंय, ते मी तसंच उतरवतो:

"भाऊजी, तुम्ही एक ओळ मागितलीत म्हणून सगळं लिहिलं. ह्यांनी तुमच्याबद्दल काही विचारलं नाही. लिहू का म्हटलं तर म्हणाले, तुला लिहायचं तर लिही. मी खोटं लिहिणार नाही. पुढे कधी विचारतील की नाही ते मला माहीत नाही. दवाखान्यात तुमचे तळहात मी पाहिले होते. मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी देवाची कृपा म्हणाले आणि सोडून दिलं. त्याचं मला वाईट वाटतं. अन्न खात जा."

ते पत्र ट्रकच्या फळीवर बसून वाचलं. समोर कोणाचं तरी जेवणाचं टेबल उलटं ठेवलं होतं, चारी पाय वर. त्याच्याकडे बघत बसलो. पैलवान हाक मारायला आला, माझ्याकडे बघून परत गेला, आणि ते टेबल एकट्यानंच उतरवायला लागला. त्याच्या बोटांना नवी नखं येतायत, अजून नीट पकडता येत नाही. मग उठलो.

दुसऱ्या मजल्यावर त्यानं विचारलं, "धरलंस?" मी आधी माझ्या हातांकडे बघितलं. दोन्ही होते, जिथे असायला हवे तिथे. पाय बघितले. मग म्हटलं, "धरलं." एवढाच एक शब्द. तोपर्यंत तो वरून कडेनं बघायला वाकलाच होता.

हे शेवटचं पत्र, दादा. रागानं नाही. तुला खाली आवाज नको आहे, आणि माझ्याकडे तुला द्यायला इतक्या लांबून आवाजच आहे, दुसरं काही नाही. तो मी आता बंद ठेवतो. कधी तुला वाटलं, तर वहिनीला पत्ता माहीत आहे. नाही वाटलं तरी ते तुझं बरोबर आहे.

त्या बारा अर्थांतले शेवटचे तीन कोणते होते ते मी कधी वाचलेच नाहीत. सरांनी दिलेल्या कागदावर होते, कागद तुझ्या खिशात होता. येणारेजाणारे आता वाचत असतील. त्यातला एखादा मला बघायला आवडला असता.

मी तिथे नाही. या वेळी माझा आवाजही नाही. खाली वहिनी आहे, तिचे दोन्ही हात शिडीवर आहेत, वहिनीला मी ओळखतो.

तू लिही.